ज्याला पट्टी तो प्लस

२३ मार्च, रविवार. संध्याकाळ.

ही डायरी सुगतला ऑफिसातून मिळाली. जानेवारीपासून कोरी होती. प्रियंका तिच्यावर गरम कुकर ठेवत होती, म्हणून मी उचलली. सुनेला मराठी वाचता येत नाही आणि मुलाला वेळ नाही, तेव्हा जे आहे ते लिहायला हरकत नाही.

आज विहारात वंदनेच्या वेळी मशीनने पुन्हा भुंऽऽ सुरू केलं. मशीन म्हणजे ॲम्प्लीफायर. डोमाजीने फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर विहाराला दान दिलेलं, वर रंगाने त्याचं नाव आहे. डोमाजी, माझा नवरा, तीस वर्षं गेटवर दरबान होता आणि जन्मात कधी मोठ्यानं बोलला नाही. आता तो नाही, तर त्याचं मशीन बोंबलून राहिलं.

सव्वीस वर्षं झाली, माईकवर मी आहे. वंदना मी घेते, सूचनाही मीच देते. चपला लायनीत ठेवा, पोट्टे आवरा, खिरीसाठी ढकलाढकली करू नका, अमक्याच्या घरचे दुसऱ्यांदा लायनीत लागले आहेत ते मला दिसून राहिलं. माझा आवाज एकदा निघाला की शेवटच्या ओळीतला माणूस मांडी सावरून बसते. आवाज आजही तसाच आहे. मशीन खाते.

वंदना झाल्यावर हेमलता म्हणे, शेवंताबाई, मागे काहीच ऐकू येऊन नाही राहिलं. ही रिटायर मास्तरीण, अजून पर्सला पेन अडकवते. मी म्हटलं, मागे बसता काहून? पुढे काय काटे टाकले आहेत?

मग मीटिंग. सुगत कमिटीचा सचिव. पोटचा पोरगा. म्हणे, चौदा एप्रिलला भाड्याचा साउंड आणू, हे मशीन भंगारात देऊ, आणि आई, तू पण आता बसून घे, वंदना हेमलता मॅडम घेतील.

बसून घे!

मी उभी राहिली. म्हटलं, मशीन मी दुरुस्त करते. स्वतःच्या हातानं, तेरा तारखेपर्यंत. नाही झालं तर माईक हेमलताबाईला देईन आणि पुन्हा मागणार नाही. सगळे हसले. सुगतने ते रजिस्टरमध्ये लिहिलं. मी खाली सही केली. अंगठा नाही, सही.

तीन आठवडे आहेत. एका मशीनला तीन आठवडे जास्तच होतात.

२४ मार्च, सोमवार. दुपारी दोन.

सकाळी सातला काम सुरू करायचं ठरवलं होतं. स्क्रू काढायचा पेचकस साडेअकराला सापडला, पिठाच्या डब्यात. तिथे कोणी ठेवला ते विचारलं तर सगळे माझ्याकडेच पाहतात.

मशीन घराच्या पुढच्या सपरीत आणून उघडलं. आत एक वाळलेली पाल, तारेचं मोठं गाठोडं आणि दोन निळे डबे, खोकल्याच्या दवाईच्या बाटलीएवढे. दोघांची डोकी पुरीसारखी फुगलेली. बाजूला सात-आठ बारके डबे, त्यांची डोकी सपाट. पाहता क्षणी कळलं. दोन मोठे खाऊन-पिऊन सुखी आहेत, बारके उपाशी आहेत. बारके बदलायचे.

रोग सापडायला अर्धा तास लागला. डॉक्टर लोक उगाच इतकी वर्षं शिकतात.

प्रियंका म्हणे, मम्मीजी, मोबाइल पे देख लीजिए, सब आता है. मी म्हटलं, मोबाईल पाहून तू पोहे करतेस, ते खाऊन राहिलो ना आम्ही.

२५ मार्च, मंगळवार. संध्याकाळ.

ई-रिक्षाने जबलपुरातल्याच गोहलपूरला गेली. तिथे नसीम उस्तादचं दुकान आहे, छतापर्यंत टीव्ही, सगळे पोट फाडलेले. मी सांगितलं की एका नातेवाइकाचं मशीन आहे, बारके बदलायचे आहेत. त्यानं विचारलं, मोठे कसे दिसतात. म्हटलं, छान फुगले आहेत. तो म्हणे, अम्मा, जो फूले हैं वही मरे हैं.

आता मला काय माहीत. आमच्यात फुगलेल्या माणसाला तब्येतीनं चांगला म्हणतात.

त्या डब्याला कपॅसिटर म्हणतात. मी स्टुलावर बसली आणि म्हटलं, समजावून सांग, चौथी शिकलेली आहे मी. त्यानं सांगितलं ते असं. घरातला करंट सरळ एका दिशेनं येत नाही. पुढे-मागे, पुढे-मागे, सेकंदाला पन्नास वेळा. म्हणजे दुपारी झोप न लागणारी मी. पण मशीनला सरळ करंट लागते. म्हणून आधी डायोड नावाचा एक हवालदार त्याला एकाच दिशेला वळवते. तरी तो लाटेनंच येते. आला, ओसरला, आला, ओसरला. मधल्या खड्ड्यात मशीन उपाशी. तिथे कपॅसिटर लागते. लाट आली की पोटात भरून घेते, लाट ओसरली की पोटातलं देते. मशीनला वाटते, करंट एकसारखा चालू आहे.

मी म्हटलं, म्हणजे मोरीतला ड्रम. नळ सकाळी एक तास, संध्याकाळी अर्धा तास. ड्रम भरलेला म्हणून दिवसभर पाणी. ड्रम गळला की भांडी अडली. नसीम म्हणे, बिलकुल सही, आप तो समझ गईं अम्मा.

अठ्ठेचाळीस वर्षांत सुगत असं एकदा नाही म्हणाला.

आणि तो भुंऽऽ म्हणजे तेच खड्डे. ड्रम गळका झाला की ते स्पीकरमधून ऐकू येतात.

नसीम म्हणे, छोड़ जाइए, आधे घंटे का काम है. मी म्हटलं, नाही, स्वतःच्या हातानं करायचं आहे, रजिस्टरात लिहून दिलं आहे. तो म्हणे, आपने तो कहा था रिश्तेदार का है. मी म्हटलं, नवरा रिश्तेदारच असते.

२६ मार्च. सकाळी सहा.

टाइमटेबल ठरवलं. रोज सकाळी एक तास अभ्यास, एक तास काम. दुपारी आराम. कोणाशी भांडायचं नाही, डोकं थंड ठेवायचं.

२६ मार्च. सकाळी साडेसात.

नळावर शेजारच्या राधाबाईशी भांडण. तिचीच चूक. टाइमटेबल उद्यापासून.

२८ मार्च, शुक्रवार.

दोन दिवस अभ्यासाला वेळ मिळाला नाही, कारण जे समजलं ते लोकांना सांगायला पाहिजे होतं. हेमलताकडे मुद्दाम गेली. तिला ड्रम समजावला. ती चष्मा पुसत म्हणे, बरं, पण त्या डब्याच्या आत काय असते? मी म्हटलं, करंट. ती म्हणे, करंट ठेवलेला असते, पण कशात? मास्तरणीची खोड. उत्तर माहीत असल्यावरच प्रश्न विचारतात. मी म्हटलं, घरी गॅसवर दूध आहे, आणि आली.

दूध नव्हतं.

उद्या एक डबा काढून फोडून पाहीन.

२९ मार्च, शनिवार. दुपारी.

करंट लागला नाही. आधी हे लिहून ठेवते, कारण घरात वेगळंच सांगून राहिले.

झालं एवढंच. मशीन चालू करून एकदा भुंऽऽ ऐकला. मग प्लग काढला आणि पेचकस आत घातला. नसीमने सांगितलं होतं की प्लग काढल्यावरही कपॅसिटर पोटात करंट धरून बसते, आधी बल्ब लावून त्याला रिकामं करा. पण मला वाटलं, इतका फुगून मेलेला, त्याच्या पोटात काय असणार. फट्ट! निळी ठिणगी. पेचकसाचं टोक चाटल्यासारखं खाल्लं गेलं. पेचकस माझ्या हातातून उडाला नाही, मी फेकला. भिंतीवर खड्डा पडला, तो आधीपासून असेल.

प्रियंका पळत आली. मम्मीजी, आप बैठ जाइए. या घरात सगळ्यांना मी बसलेली पाहिजे.

डाव्या हाताला थोड्या मुंग्या. उन्हाळ्यात येतात.

१ एप्रिल, मंगळवार.

मोठी गोष्ट समजली. कपॅसिटर म्हणजे बिडी आहे.

नसीमला फोन करून बल्ब लावायची रीत पुन्हा विचारली. दोन्ही मोठे डबे रिकामे केले, तारेचे टाके सोल्डरच्या इस्त्रीनं तापवून काढले, एकाचं ॲल्युमिनियमचं टोपण पक्कडीनं सोललं. आत काय? गुंडाळी! ॲल्युमिनियमची पन्नी, कागद, पन्नी, कागद, घट्ट गुंडाळलेलं. लग्नाआधी आणि नंतर मिळून बावीस वर्षं मी बिड्या वळल्या, आधी भंडाऱ्याला, मग इथे, दिवसाला हजार. गुंडाळी सैल की घट्ट ते बोटाला न पाहता कळते. ही गुंडाळी चांगल्या हातची होती.

उलगडली तर सपरीभर झाली. नसीमला पुन्हा फोन. बिचारा जेवत होता. म्हणे, एका पन्नीवर साय असते, ॲल्युमिनियमचाच गंज, डोळ्याला न दिसणारी इतकी पातळ. ती करंटला पलीकडे जाऊ देत नाही, म्हणून तो इकडेच साठून राहते. साय जितकी पातळ तितका साठा जास्त, म्हणून एवढ्याशा डब्यात इतकं मावते. कागद एका रसात भिजवलेला असते. गरमीत तो रस वर्षानुवर्षं वाळत जाते, की साठा कमी. आमचं मशीन विहाराच्या टिनाखाली सव्वीस उन्हाळे बसलेलं आहे. कागदाला हात लावला तर जुन्या पापडासारखा.

आणि एक गोष्ट त्यानं दोनदा सांगितली. त्याला एक पाय प्लसचा, एक मायनसचा, अंगावरची पट्टी पाहून ओळखायचा. उलटा लावला तर साय विरघळते, आत गॅस भरते आणि फुटते. अम्मा, उल्टा मत लगाइएगा. मी म्हटलं, बावीस वर्षं बिडीचं तोंड कुठे अन् बूड कुठे ते मला कळलं, हे नाही कळणार?

बाहेर आली तर सून सपरीतली पन्नी गोळा करून कचऱ्यात टाकून राहिली होती. हेमलताला दाखवायची होती.

३ एप्रिल, गुरुवार.

आता जिकडे पाहते तिकडे तेच दिसते. टीव्हीत कपॅसिटर, मोबाईलच्या चार्जरमध्ये, इन्व्हर्टरमध्ये. मोरीतला एलईडी बल्ब लुकलुक करत होता, तो उघडला. आत बोराच्या बीएवढा एक, डोकं फुगलेलं! मी ओरडली, सापडला! सुगत आंघोळ अर्धी टाकून आला, त्याला वाटलं साप. आता मोरीत बल्ब नाही, पण कारण माहीत आहे.

राधाबाईचा पंखा हळू फिरते, म्हणून मी स्वतःहून गेली. भांडण आपल्या जागी. तिला म्हटलं, कपॅसिटर गेला, पट्टी पाहून प्लस-मायनसनं लावून घे. तिच्या नवऱ्यानं काढून दाखवला. त्याला ना पट्टी, ना प्लस-मायनस. नसीमला फोन केला. म्हणे, पंखेवाला अलग होता है अम्मा, सूखा, उसमें उल्टा-सीधा नहीं. मी राधाबाईला सांगितलं, तुमचा पंखाच वेगळा आहे.

माणसांतही पाहिलं तर समजून येते. सुगत सगळं ऐकून घेते, पोटात ठेवते आणि सात दिवसांनी एकदम देते. सून चांगली आहे, पण तिला उलटं बोललेलं चालत नाही.

आता फक्त दोन नवे आणून लावायचे. म्हणजे काम झाल्यासारखंच. आज काही केलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार.

बडा फुहारा चौकाजवळच्या गल्लीत मशीनच्या पार्टचं दुकान. इतकी गर्दी की माझा पदर एका मोटारसायकलला अडकून दहा पावलं गेला. जुना डबा दाखवला. दुकानदार चष्मा कपाळावर ढकलून वाचते, चार हजार सातशे माइक्रोफैरड, तिरसठ वोल्ट. मी म्हटलं, याच्याहून मोठं पोट असलेला दे. तो म्हणे, यही लगेगा अम्माजी, और पट्टी देख के लगाइएगा.

मी म्हटलं, माहीत आहे मला पट्टी.

नवे डबे काळे, चमकदार, डोकं सपाट. एका बाजूनं वरपासून खालपर्यंत पांढरी पट्टी. घरी येताना चार वेळा पिशवीत हात घालून पाहिले.

५ एप्रिल, शनिवार. सकाळी दहा.

पट्टी आहे, पण पट्टीवाला पाय प्लस की मायनस हे दुकानदारानं सांगितलं नाही. नसीमला विचारलं असतं. पण सात फोन झाले आहेत, आणि प्रत्येक गोष्ट विचारली तर स्वतःच्या हातानं काय केलं?

विचार केला. डोमाजी साधा दरबान होता तोवर त्याची बाही कोरी. मग त्याला बढती मिळाली आणि बाहीवर पट्टी आली. त्या दिवशी मोहल्ल्याला बुंदी वाटली. या जबलपुरात फॅक्टरीचा असो की फौजेचा, ज्याच्या अंगावर पट्टी तो मोठा. ज्याला नाही तो त्याला सलाम करते. सरकार कमी असलेल्याला पट्टी देईल काय?

तेव्हा ज्याला पट्टी तो प्लस. डबा बनवणाऱ्यानंही हाच विचार केला असेल.

इतकं सोपं होतं. लोक शिकून डोकं खराब करतात.

६ एप्रिल, रविवार. सकाळी अकरा.

लावले! दोन्ही! टाके थोडे जाड आले, मोत्यासारखे नाही, वाटाण्यासारखे, पण पक्के. हाताला एक चटका, त्याचं काही नाही. पट्टीवाले पाय प्लसला. आता चालू करते. सगळ्यांना सपरीत बोलावलं. सुगत चहा पिऊन येते म्हणे. त्याच्यासाठी थांबणार नाही.

६ एप्रिल, रविवार. दुपारी चार.

चालू केल्याबरोबर भुंऽऽ बंद. एकदम शांत! मी बटणाजवळूनच सुनेला म्हटलं, पाहा. ती म्हणे, मम्मीजी, इसकी तो लाइट भी नहीं जल रही. मी म्हटलं, लाइट नको, आवाज पाहा, आवाज.

मग आवाज झाला.

असा आवाज या मशीननं सव्वीस वर्षांत काढला नव्हता. डबा छतापर्यंत गेला. पांढरा धूर, सडक्या मासोळीसारखा वास आणि सपरीभर कागदाचे भिजलेले तुकडे, जसं कोणी वरून मिरवणुकीवर फुलं टाकली. मी बटणाजवळ होती आणि सून दारात, म्हणून कोणाला काही झालं नाही. सुगतचा जयंतीसाठी नवा पांढरा सदरा दोरीवर होता. त्यावर तपकिरी ठिपके आले. त्यानं सदरा उलटसुलट करून पाहिला आणि घडी घातली. पोटात ठेवलं. सात दिवसांनी देईल.

राधाबाई भिंतीवरून म्हणे, काय वो, आतापासून फटाके?

दुकानदारानं नकली माल दिला.

७ एप्रिल, सोमवार.

दुकानात भांडायला गेली. मी जोरात सुरू केलं. तो शांत, म्हणे, अम्माजी, पट्टी वाला पैर कहाँ लगाया था? म्हटलं, प्लसला, आणखी कुठे? पट्टीवाला मोठा असते. त्यानं आतल्या दोघांना बोलावलं, बाजूच्या दुकानातल्यालाही. म्हणे, अम्माजी, फिर से बताइए. मी पुन्हा सांगितलं, डोमाजीच्या बाहीसकट. तो म्हणे, ये फौज नहीं है अम्माजी, यहाँ पट्टी माइनस की होती है.

चार माणसं तोंड दाबून उभी. मी म्हटलं, तुमच्यात उलटं आहे तर बाहेर बोर्ड लावा.

दोन डबे पुन्हा घेतले.

८ एप्रिल. रात्री.

बसवत नाही. झोपवत नाही. मशीनकडे पाहवत नाही. तीन वेळा अंगण झाडलं. प्रियंका म्हणे, मम्मीजी, धूल ही नहीं बची.

पाच दिवस राहिले. संध्याकाळी हेमलता रस्त्यात भेटली. म्हणे, काही मदत लागली तर सांगा. तोंडावर हसू नव्हतं, त्याचा जास्त राग आला.

९ एप्रिल, बुधवार.

मशीन चादरीत बांधून ई-रिक्षात गोहलपूरला. रिक्षावाला म्हणे, अम्मा, टीव्ही है क्या? म्हटलं, पेशंट आहे.

नसीमनं उघडून पाहिलं. डायोडही गेले, फ्यूजही. मी आधीच सांगितलं, काम स्वतःच्या हातानं होणार, तू फक्त सांगायचं. तो म्हणे, ठीक है. मग त्यानं डायोड बदलले, कारण ते बारीक काम. टाके त्यानं घातले, कारण त्याची इस्त्री वेगळ्या तऱ्हेची आहे. डबे त्यानं लावले, कारण माझा चष्मा घरी राहिला होता. बॅटरी मी धरली. पूर्ण वेळ, हात न हलवता. तो दोनदा म्हणाला, अम्मा, थोड़ा इधर. उजेड नसता तर त्याला काय दिसलं असतं?

तेव्हा मशीन स्वतःच्याच हातानं दुरुस्त झालं. रजिस्टरात तसं लिहायला हरकत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळ.

विहारात लावलं. भुंऽऽ नाही. काहीच नाही. मशीन चालू आहे की बंद ते कळत नाही इतकं शांत. सुगत माईकवर हॅलो हॅलो म्हणाला, त्याच्या नाकातली सर्दीसुद्धा ऐकू आली. माझ्याकडे पाहून म्हणे, आई, मानलं तुला. सदऱ्याचं काही बोलला नाही.

हेमलतानं रजिस्टर उघडलं आणि विचारलं, स्वतःच्या हातानं ना? मी म्हटलं, हो. तिनं टिक केली, शाळेत करतात तशी. म्हणे, चला, वंदना तुमचीच.

सगळे म्हणे, शेवंताबाई, तुम्ही पण बोलून पाहा. मी नाही बोलली. आवाज चौदा तारखेसाठी राखून ठेवला.

१३ एप्रिल, रविवार.

ज्येष्ठमध चघळला. आइस्क्रीम बंद, लोणचं बंद, राधाबाईशी बोलणं बंद. मोरीत दार लावून प्रॅक्टिस केली, अंधारात, कारण बल्ब नाही. मोरीत आवाज असा घुमते की माझंच अंग शहारलं. उद्या लोकांना कळेल, इतकी वर्षं मशीननं काय खाल्लं ते.

सूचना पाठ केल्या. खिरीच्या लायनीसाठी तीन नावं तयार आहेत.

१४ एप्रिल, सोमवार. सकाळी पाच.

जागी आहे. पांढरी साडी घातली. जय भीम.

१४ एप्रिल. दुपारी एक.

विहार भरलेला, बाहेर मांडवापर्यंत लोक. सुगतनं माझं नाव घेतलं. सांगितलं की मशीन आईनं दुरुस्त केलं. टाळ्या. हेमलतानंही वाजवल्या. मी माईक हातात घेतला, श्वास भरला आणि सुरू केलं.

स्पीकरमधून कोणीतरी म्हातारी बोलली.

बारीक आवाज, कापरा, शब्दाच्या मधून हवा जाणारा. मला वाटलं, हेमलतानं दुसरा माईक धरला. वळून पाहिलं. ती हात जोडून, तोंड बंद. मी थांबली. म्हातारी थांबली. मी पुन्हा सुरू केलं, तर तीही. मी म्हटलं, कोण बोलून राहिलं मधे? तिनंही तेच विचारलं, पूर्ण विहारात, साफ, मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत.

कोणी हसलं नाही. हसले असते तर नावं घेऊन सुनावलं असतं. सगळे खाली पाहून राहिले. समोर बसलेली एक लहान पोट्टी तेवढी माझ्याकडे पाहत होती, आणि मग स्पीकरकडे, आणि मग माझ्याकडे.

मी घशाला हात लावला, खोकला काढला आणि माईक हेमलतापुढे धरला. तिनं घेतला नाही. हळूच म्हणे, शेवंताबाई, म्हणा ना, ऐकू येऊन राहिलं आता. मी तिच्या हातात कोंबला. तिनं वंदना घेतली. तिचा आवाज बरोबर आला.

मी खाली बसली. बसूनच वंदना म्हटली. बाजूच्या बाईलाही ऐकू गेली नसेल.

खिरीच्या सूचना कोणीच दिल्या नाहीत. लाइन सरळ होती.

१५ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ.

मशीन पुन्हा गोहलपूरला नेलं. नसीमला म्हटलं, आणखी एक कपॅसिटर गेला आहे, आवाज बदलून येते. त्यानं मीटर लावून एकेक मोजला. सगळे भरलेले. स्वतः बोलून पाहिलं, त्याचा आवाज त्याचाच आला. म्हणे, अम्मा, इससे साफ तो नया भी नहीं बोलेगा. आप बोलिए. त्यानं माईक पुढे केला. मी बोलली नाही.

तो म्हणे, तो फिर करना क्या है?

मी म्हटलं, तो भुंऽऽ परत घालता येते काय, थोडासा?

तो मीटर हातात धरून बसला. मी स्टुलावर. मागे एक टीव्ही चालू होता, आवाज बंद केलेला.

मग म्हणे, चाय पिएँगी?

म्हटलं, हो.